ठाण्यातून कमी, डोंबिवलीत नाही

आमचा जुना लोकसभा मतदारसंघ आता राहिलेला नाही. नाव आहे, ठाणे. पण त्या नावाखाली जे काही पसरलेलं होतं त्याचे तुकडे झाले. आधी तो ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्याही पुढे, आणि खाली पार बेलापूरपर्यंत होता. देशातल्या मोठ्यात मोठ्या मतदारसंघांत त्याची गणती व्हायची, आणि आमच्या घरात ह्याचा उगाचच अभिमान होता. एवढ्या मोठ्या मुलखाच्या खासदाराने डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत पाऊल ठेवावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. त्या गल्लीत आम्हीसुद्धा खाली बघूनच पाऊल ठेवायचो.

या मतदारसंघाचा इतिहास मला तोंडपाठ आहे. पण कोण कधी निवडून आलं ते विचारू नका. मला आठवतात ती मतदानाच्या दिवसाची जेवणं.

बाबा डोंबिवलीत आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, ठाण्यात. बाबा कोलशेतच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात होते, म्हणजे कोण किती वाजता आलं ते लिहिणारे. काका शाळेत गणित शिकवायचे. दोघांचे पक्ष वेगळे. कुठले ते सांगत नाही. दोघांनी आपापल्या पक्षासाठी मत देण्यापलीकडे काही केलं नाही, पक्षांनी त्यांच्यासाठी तेवढंही केलं नाही, मग नावं घेऊन कशाला उपकार करायचे?

आजी गेली त्यानंतरच्या निवडणुकीत दोघा भावांचं असं काही वाजलं की पुढे कित्येक महिने बोलणं बंद. काकू आणि आई बाजारात चोरून भेटायच्या. शेवटी काकांनी गणिताच्या मास्तराला शोभेलसा तोडगा काढला. ते आमच्याकडे आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघ, तुझं एक मत, माझं एक. मतदारसंघ एकच. तुझं माझ्याला खातं, माझं तुझ्याला. उरलं शून्य. शून्यावरून भांडतात का कोणी? मत टाकायचं आणि जेवायचं."

बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चप्पल काढ."

तेव्हापासून रिवाज पडला. मतदान झालं की काका-काकू ठाण्याहून आमच्याकडे जेवायला यायचे. दारातच दोघे भाऊ एकमेकांना शाईचं बोट दाखवायचे. "दिलंस?" "दिलं. तू?" "दिलं." "झालं शून्य. पानं घ्या." जेवायला ठरलेलं वालाचं बिरडं. वाल आदल्या दिवशी भिजत घाला, मोड आणा, मग एकेक सोला, हे सगळं असल्यामुळे मतदानाची तारीख जाहीर झाली की आई आधी उलटे दिवस मोजायची. आमच्या घरी आचारसंहिता वाल भिजत पडले की लागू व्हायची.

ह्यात लबाडी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते. एका वर्षी बाबांना कावीळ झालेली, अंथरुणातून उठता येत नव्हतं. शेजाऱ्यांकडे फोन होता, त्यावरून आईने काकांना कळवलं. काका तेव्हा रांगेत उभं राहायला निघालेच होते. ते परत फिरले, मत न देता. शाई न लागलेलं बोट घेऊन डोंबिवलीला आले आणि बाबांच्या उशाशी बसून म्हणाले, "तुझं नाही तर माझंही नाही." त्यांचा उमेदवार त्या वेळी पडला. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि एका निवडणुकीत तर बाबांच्या पक्षाने ही जागा मित्रपक्षाला सोडून दिली. बाबा फुगून बसले. "ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याला मी मत देऊ? मी जाणारच नाही." काका सकाळी सकाळी हजर. "असं करू नकोस रे, तू नाही दिलंस तर माझं एक उरतं." अर्धा तास समजूत काढून काकांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत द्यायला बाबांना पाठवलं, वर बजावलं, "बघ हं, चिन्ह बदललंय, चुकशील." लोकशाहीचं एवढं निर्मळ रूप मी नंतर कुठे पाहिलेलं नाही.

एकदाच काय ती गडबड झाली. दोघे शून्याच्या आनंदात बिरडं ओरपत होते आणि आई वाढता वाढता म्हणाली, "आणि आम्हा दोघींची मतं कुठे धरलीत?"

बाबा म्हणाले, "तुमची आमच्यातच."

"असं कोण म्हणालं?"

काकूला असा काही ठसका लागला की मला पाणी आणायला धावावं लागलं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं गणित पानात सांडलेलं. आईने दोघांना आणखी एकेक वाटी बिरडं वाढलं आणि तो विषय तिथेच संपवला. त्या दोघी कुणाला मत द्यायच्या ते काकूने मरेपर्यंत सांगितलं नाही, आईही सांगत नाही.

मग मतदारसंघांची फेररचना झाली. नकाशावर कोणी तरी रेघा मारल्या. ठाणे ठाण्यातच राहिलं, डोंबिवली नव्या कल्याण मतदारसंघात गेली. ठाण्याला अगदी खेटून असलेले कळवा-मुंब्रा कल्याणात आले आणि खुद्द कल्याण पश्चिम भिवंडीत गेलं. म्हणजे कल्याण स्टेशनच्या पुलावर उभं राहून एका बाजूला उतरलात तर कल्याण, दुसऱ्या बाजूला उतरलात तर भिवंडी. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे कारणं असतील. आमच्या घरी एवढंच झालं की दोघा भावांची मतं दोन वेगवेगळ्या पेट्यांत पडली.

त्यानंतरच्या पहिल्या मतदानाला काका नेहमीसारखे आले. बोटं दाखवून झाली. बाबा म्हणाले, "दादा, तुझं मत ठाण्यात पडलं, माझं कल्याणात. त्यांची गाठच पडली नाही."

"म्हणजे माझं एक तिकडे उरलं."

"आणि माझं इकडे."

कित्येक वर्षांनी दोघांकडे एकेक जिवंत मत आलं होतं आणि त्याचं काय करायचं हे दोघांनाही सुचेना. बिरडं गार झालं. जेवणानंतर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, अगदी जुन्यासारखं. पुढच्या वेळी काका मत देऊन घरीच थांबले. फोन आला, "दिलं." बाबा म्हणाले, "मीपण." फोन ठेवला. आईने भिजवलेले वाल शेजारी वाटले.

दोन वर्षांपूर्वी काकू गेली. काका ठाण्यात एकटे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांना मूलबाळ नाही. मागच्या वर्षी ते भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना पडले आणि पायरीवर तसेच बसून राहिले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बघितलं तेव्हा आम्हाला कळलं. मोडलं काही नव्हतं, मनगट सुजलं होतं. बाबा आठवडाभर रोज ठाण्याला गेले. जायचे, समोर बसायचे, पेपर वाचायचे, परत यायचे.

आई रोज विचारायची, "विचारलंत का?"

"काय?"

"आमच्याकडे चल म्हणून."

"दादा मोठा आहे. त्याला मी काय सांगणार?"

मला बाबांचा असा संताप यायचा! भावाची काळजी करून करून ह्या माणसाचं वजन उतरलं होतं, आणि तोंडातून दोन शब्द फुटत नव्हते. शेवटी आईने स्वतः फोन करून विचारलं. काका म्हणाले, "थोरल्याने धाकट्याच्या दारात जाऊन पडायचं? चार लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "भावोजी, त्या चारांतले तीन गेले." पण काका बधले नाहीत.

निवडणुकीचे वारे वाहू लागले तसे बाबा एक दिवस कागद घेऊन ठाण्याला गेले, मीही बरोबर होते. बाबा म्हणाले, "दादा, तुझं मत आमच्याकडे आणू या का? पुन्हा एका मतदारसंघात. पुन्हा जुळवू."

काकूच्या मागे पहिल्यांदाच काकांच्या चेहऱ्यावर हुशारी आली. "बेस्ट. मत तिकडे, मी इकडे."

"तसं नाही चालत. जिथे राहतो तिथेच नाव लागतं. मी सरकारी कागदावर खोटं लिहिणार नाही."

"मग चार दिवस येतो. चौकशीला येतील ते बघून जातील, की मी परत."

"ये," बाबा म्हणाले, आणि घाईघाईने चष्मा पुसायला लागले.

मी काकांना टॅक्सीने आणलं. एकच बॅग: दोन शर्ट, दोन लेंगे, गोळ्या, काकूचा छोटा फोटो. शीळफाट्यावर तासभर अडकलो तेवढ्यात त्यांनी ड्रायव्हरला तीनदा सांगितलं, चार दिवसांसाठी चाललोय म्हणून.

आता बाबांनी काय केलं ते ऐका. मी म्हणत होते, फोनवरून एकच अर्ज भरू, तिकडचं नाव आपोआप निघेल. बाबा म्हणाले, "फोनवर? आणि पोच कोण देणार?" त्यांच्या डोक्यात रेशनकार्ड. रेशनकार्डाचा त्यांच्या पिढीचा नियम: आधी जुन्या कार्डातून नाव कमी करून दाखला आणायचा, मगच नव्या कार्डात चढवायचं. त्यांनी सुवाच्य अक्षरात नाव वगळण्याचा अर्ज लिहिला. काकांनी न वाचता सही केली, "तुझं अक्षर आहे म्हणजे बरोबरच असणार." बाबा स्वतः ठाण्याला जाऊन तो देऊन आले, शिक्का मारलेली पोच फाइलला लावली, आणि मग इकडचा अर्ज केला.

वगळायचं काम सरकारने चटकन केलं. चढवायच्या कामाला काही कोणी येईना. चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना, मग दुसरा. सरकारी कामाला उशीर होतो ह्याबद्दल मी आयुष्यात एकदाच देवाचे आभार मानले. कारण घर बदललं होतं. दोघे सकाळी एकच पेपर दोन भागांत फाडून वाचायचे आणि एकमेकांच्या भागातल्या बातम्यांवर मत द्यायचे. संध्याकाळी पत्त्यांत काका बाबांना हरवायचे आणि बाबा हरून खूश व्हायचे. बाबा चहा करताना चक्क गुणगुणायला लागले. फक्त काकांची बॅग. आईने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. काका शर्ट बॅगेतून काढायचे, घालायचे, धुऊन इस्त्री करून पुन्हा बॅगेत ठेवायचे. ते राहतील का, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो कोणी विचारत नव्हतं.

मग एके दुपारी चौकशीवाल्या बाई आल्या. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, हातात याद्या. मी ऑफिसात, बाबा औषधं आणायला गेलेले, आई झोपलेली. दार काकांनी उघडलं.

संध्याकाळी चहाला काका म्हणाले, "अरे, त्या बाई येऊन गेल्या. फार चांगल्या होत्या. पाणी दिलं मी त्यांना."

"मग?"

"विचारलं, तुम्ही इथे राहता का. मी म्हटलं, छे हो, मी पाहुणा. चार दिवसांसाठी आलोय." आणि कौतुक व्हावं म्हणून आमच्याकडे बघत पुढे म्हणाले, "खोटं नाही बोललो."

बाबांनी कप खाली ठेवला. यथावकाश अर्ज नामंजूर झाला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्या दिवशी मी बाबांना थोरल्या भावावर ओरडताना कित्येक वर्षांनी ऐकलं. "दादा, तू कुठेच नाहीस! ठाण्यातून कमी, डोंबिवलीत नाही. या देशात कुठल्याच यादीत तुझं नाव नाही!"

"मला काय ओरडतोस? कमी तू केलंस."

"पाहुणा कोण म्हणालं?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

बाबांना इथे बोलायची संधी होती. त्यांनी फाइल उघडली आणि पोचपावतीची तारीख तपासली. मी उठून फोनवरून नवा अर्ज भरून टाकला, इथल्याच पत्त्यावर. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बॅगेची चेन मात्र त्या दिवसापासून लावलेली असायची.

आणि मग आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. काकांचा पक्ष मधल्या काळात फुटून त्याचे दोन झालेले, बाबांच्या पक्षाचेही दोन झालेले. त्यातला बाबांचा अर्धा आणि काकांचा अर्धा एका मंचावर जाऊन बसले. हार घातले. आमच्या मतदारसंघात दोघांचा मिळून एकच उमेदवार. टीव्हीवर बघून आई हसत सुटली. "घ्या! आता दोघांचं बटण एकच. आता काय खाणार एकमेकांचं?"

बाबाही हसले. काका हसले नाहीत. ते टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले, "मग माझं इथे काम काय?"

आईने टीव्ही बंद केला. काका म्हणाले, "रविवारी जातो. ठाण्यात पुन्हा नाव घालून घेतो. घर बंद आहे किती दिवस, झुरळं झाली असतील." बाबांनी मान हलवली. मान हलवली! मी आत जाऊन आईला म्हटलं, ह्यांना काही तरी सांग. आई म्हणाली, "मी सांगून बसलेय. भावाने सांगायचं असतं ते बायकोने सांगून भागत नाही."

शनिवारी सकाळी त्याच बाई पुन्हा आल्या. बॅग दाराशीच होती. बाईंनी बॅग पाहिली, काकांना ओळखलं आणि सुस्कारा टाकला.

"आजोबा, तुमचा परत अर्ज आलाय. मागच्या वेळी तुम्हीच मला म्हणालेलात, पाहुणा. आता काय लिहू? इथे राहता का?"

"ह्याला विचारा," काका बाबांकडे बोट करून म्हणाले. "घर ह्याचं."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांच्या हातात फाइल होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. त्यांचा आवाज चिरकला.

"दादा, राहा."

"अहो आजोबा, राहतात का असं विचारतेय मी," बाई म्हणाल्या. "मला हो किंवा नाही लिहायचंय."

बाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. "राहा रे दादा. मत गेलं खड्ड्यात. तू जाऊ नकोस."

काका बाईंना म्हणाले, "लिहा. राहतो."

बाईंनी लिहिलं, सही घेतली, फोनवर फोटो काढला आणि पुढच्या मजल्यावर गेल्या. दार लावायचं कुणालाच सुचलं नाही. काका खुर्चीत बसले. डोळे पुसले, बाबांकडे बघितलं आणि एकदम चिडले.

"ती जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी रोज तुझ्या एका शब्दाची वाट बघत होतो. हे विचारायला तुला एवढे दिवस लागले?"

"मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"नाहीच म्हणालो असतो," काका म्हणाले. "तरी विचारायचं होतंस."